ग्रेनफेल स्ट्रीटची करी स्ट्रीट कुठे होते: ॲडलेडमध्ये बस चालवायला शिकताना

ॲडलेडमध्ये सिटी बसची ड्रायव्हर व्हायचं तर काय काय करावं लागतं असं मला आता बरेच मराठी लोक विचारतात, विशेषतः बायका, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकते. मी मूळची सांगलीची. इकडे येऊन बरीच वर्षं झाली, आधी दुकानात, मग एका ऑफिसात काम केलं, पण मला पहिल्यापासून गाडी चालवायची आवड, आणि मोठी गाडी असेल तर अजूनच. इथल्या बसेस सरकारच्या नावाने धावत असल्या तरी चालवायचं काम कंत्राटावर खाजगी कंपन्यांकडे असतं, त्यांच्या जाहिराती अधूनमधून येतात, त्यातलीच एक बघून अर्ज केला.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगते कारण तो सरळ आहे. साधं कारचं लायसन्स हातात येऊन किमान दोन वर्षं झालेली असली की हेवी रिजिड म्हणजे एचआर लायसन्स काढता येतं, आठ टनांच्या वरच्या आणि तीन किंवा जास्त ॲक्सलच्या गाड्यांसाठी ते लागतं, आणि मधे रबरी भाता असलेली जी लांब जोडबस असते, जिला इथे सगळे बेंडी बस म्हणतात, ती पण ह्याच लायसन्सवर चालवता येते. मग मेडिकल, पोलिसांकडचं रेकॉर्ड तपासणं, लहान मुलांबरोबर काम करायला लागते ती परवानगी, आणि प्रवासी वाहतुकीचं वेगळं ॲक्रेडिटेशन म्हणजे परवाना. फॉर्म भरत बसायचं, उत्तराची वाट बघायची, बाकी काही नाही. ड्रायव्हिंगमध्ये डावी बाजू आपल्यासारखीच, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. नवीन शिकायला लागलं ते वळणाचं गणित, म्हणजे मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत येत नाहीत आणि बसचं शेपूट उलट बाजूला बाहेर फेकलं जातं, ते आरशात बघत बघत अंगात मुरावं लागतं. शिवाय साऊथ ऑस्ट्रेलियाचे, म्हणजे ॲडलेड ज्या राज्यात आहे त्याचे, स्वतःचे काही नियम, शाळेच्या झोनमध्ये मुलं असतील तर ताशी २५, आणि थांबलेल्या स्कूल बसच्या बाजूने जाताना पण २५.

खरं काम त्यानंतर सुरू होतं, ते म्हणजे रूट लर्निंग.

आमचे ट्रेनर साठीच्या पुढचे, सगळं आयुष्य ह्याच शहरात बस चालवलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी शहराच्या मधल्या भागाचा नकाशा समोर ठेवला आणि म्हणाले, आधी हे पाठ करा, मग स्टिअरिंगला हात लावा. नकाशात किंग विल्यम स्ट्रीट उत्तर-दक्षिण अशी बरोब्बर मधून जाते, आणि पूर्वेकडून येणारा प्रत्येक रस्ता तिला ओलांडला की नाव बदलतो. रंडल ओलांडली की हिंडली. ग्रेनफेलची करी. पिरीची वेमथ, फ्लिंडर्सची फ्रँकलिन, वेकफील्डची ग्रोट, एंगसची गूजर, कॅरिंग्टनची राइट, हॅलिफॅक्सची स्टर्ट आणि गाइल्सची गिल्बर्ट. फक्त नॉर्थ टेरेस आणि साऊथ टेरेस दोन्हीकडे तीच राहतात. का असं विचारलं तर इथला कुठलाही माणूस हेच सांगेल की राजाचा रस्ता कुणी ओलांडायचा नाही, म्हणून रस्ता तिथे संपतो आणि पलीकडे दुसरा सुरू होतो. गोष्ट म्हणून मस्त आहे. पण मला वाटतं साधं कारण असं असणार की नावं द्यायला माणसं खूप होती आणि रस्ते कमी, एकाचे दोन केले की दुप्पट लोकांची सोय झाली!

कारण ही नावं काही हळूहळू लोकांच्या तोंडून पडलेली नाहीत. २३ मे १८३७ ला एक कमिटी बसली आणि तिने शहरातल्या रस्त्यांना आणि चौकांना नावं देऊन टाकली. कमिटीत गव्हर्नर हिंडमार्श आणि वसाहतीचे बडे लोक. गूजर, मॉर्फेट, गाइल्स अशी इथे आलेल्यांची नावं तर पडलीच, पण ग्रेनफेल, करी, पिरी, रंडल, हिंडली ही सगळी तिकडे लंडनमध्ये बसून पैसा आणि वजन लावणारी मंडळी, त्यांच्या नावाच्या रस्त्यांवर आज माझ्या बसमधून रोज हजारो लोक उतरतात. आणि ज्या विल्यम राजाच्या नावाने मुख्य रस्ता, तो त्यानंतर महिन्याभरात, २० जून १८३७ ला वारला. बातमी जहाजाने यायची, म्हणजे इथले लोक कितीतरी महिने गेलेल्या राजाच्या राज्यातच राहत होते. ॲडलेड ही त्याची राणी, तिचं नाव शहराला. आणि मधल्या मोठ्या चौकाला व्हिक्टोरिया नाव दिलं तेव्हा ती अजून राजकन्या होती, ठरावाची शाई वाळेपर्यंत राणी झाली.

मला हे सगळं सांगायची गरज कुणाला नव्हती, रूट पाठ करायला एवढं लागत नाही. पण माझं असं झालं की नुसती नावं डोक्यात राहत नव्हती, ग्रेनफेल आणि वेमथ ह्यांना माझ्या डोक्यात धरून ठेवायला काही खुंटीच नव्हती, आणि त्या माणसाची थोडी माहिती वाचली की रस्ता आपोआप जागेवर बसायचा. ग्रोट हा ग्रीसचा इतिहास लिहिणारा जॉर्ज ग्रोट. फ्लिंडर्स हा ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला जहाजाने वळसा घालून नकाशा करणारा, आणि त्याच्या पलीकडचा फ्रँकलिन त्याच जहाजावरचा पोरगेला खलाशी, जो पुढे उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात कायमचा हरवला, म्हणजे कप्तान आणि त्याच्या हाताखालचा पोरगा एकाच रस्त्याची दोन टोकं! हे कळल्यावर फ्लिंडर्सनंतर फ्रँकलिन येते हे मी जन्मात विसरणार नाही.

सुट्टीच्या दिवशी मेट्रोकार्ड घेऊन मी प्रवासी म्हणून फिरायचे, पुढच्या सीटवर बसून, वही मांडीवर. एकदा कार्ड लावलं की दोन तास चालतं, त्यामुळे एका रूटने जायचं आणि दुसऱ्याने यायचं. इथे स्टॉपना नंबर असतात, शहराकडून बाहेर जाताना वाढत जातात, आणि प्रत्येक मोठ्या रस्त्याचे वेगळे, त्यामुळे जुने लोक पत्ता सांगताना पण स्टॉपचा नंबर सांगतात. पेनम रोड, नॉर्थ ईस्ट रोड, लोअर नॉर्थ ईस्ट रोड, गॉर्ज रोड, ह्या सगळ्यांचं जाळं त्या पुढच्या सीटवरून सुटत गेलं. बाहेरच्या बाजूला तर राजाही नाही तरी रस्ते नाव बदलतात. पोर्टरश रोडने सरळ उत्तरेला जात राहिलं, कुठेही वळायचं नाही, तर तो लोअर पोर्टरश होतो, मग ॲस्कॉट ॲव्हेन्यू, मग हॅम्पस्टेड रोड. पोर्ट रोड बघून आधी वाटायचं एवढा रुंद पट्टा मधे मोकळा का सोडलाय, तर शहरापासून बंदरापर्यंत कालवा काढायचा विचार होता, म्हणून ती जागा ठेवलेली. कालवा झालाच नाही, जागा तशीच राहिली.

हा सगळा आराखडा ज्याने आखला त्या कर्नल विल्यम लाइटबद्दल मला मनापासून प्रेम वाटायला लागलंय. जानेवारी ते मार्च १८३७, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, जेमतेम दोन महिन्यात त्याने १०४२ एकर जमीन मोजून शहर आखलं, भोवती सगळीकडून मोकळ्या पार्कलँड्सचा पट्टा ठेवला, जो आज पण बऱ्यापैकी शाबूत आहे, शहराबाहेर जाणारी प्रत्येक बस त्या हिरव्या पट्ट्यातून जातेच. ह्या माणसाचा जन्म १७८६ चा, मलायातल्या कुआला केडाचा. वडील फ्रान्सिस लाइट, ईस्ट इंडिया कंपनीसाठी पेनांग वसवणारे, आई मार्टिना रोझेल्स, मिश्र वंशाची. म्हणजे ऑस्ट्रेलियातलं इतकं इंग्रजी वळणाचं शहर आखणारा माणूस आशियात जन्मलेला, आशियाई रक्ताचा. १८३९ मध्ये तो गेला, टीबीने, आणि स्वतःच आखलेल्या चौकात, लाइट स्क्वेअरमध्ये त्याला पुरलं. त्या चौकाला वळसा घालणारा रूट मला मिळतो तेव्हा बरं वाटतं, खरंच.

लाइट तरुणपणी स्पेनच्या लढाईत वेलिंग्टनच्या सैन्यात होता. आणि नॉर्थ ॲडलेडमध्ये वेलिंग्टन स्क्वेअर आहे, कारण ही वसाहत करायचा कायदा १८३४ मध्ये पार्लमेंटमध्ये गेला तेव्हा लॉर्डांच्या सभागृहात ड्यूक ऑफ वेलिंग्टनने तो पास व्हायला मदत केली. आता हा वेलिंग्टन म्हणजे कोण, तर आर्थर वेलस्ली, ज्याने २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई जिंकली, तोच. शाळेत असईची लढाई एका ओळीत वाचलेली. इथे त्याच्या नावाचा चौक बघून मी ट्रेनरना ते सांगितलं, त्यांना हे अजिबात माहीत नव्हतं, त्यांनी लगेच असई कशी लिहितात ते विचारून फोनमध्ये शोधलं आणि पुढच्या बॅचला ते स्वतःच सांगायला लागले.

पण ह्या नावांच्या आधी पण इथे नावं होतीच. ही जमीन कौर्ना ह्या इथल्या मूळ लोकांची, शहराच्या जागेला ते टार्न्टान्या म्हणायचे, लाल कांगारूची जागा. टॉरेन्स नदीचं नाव कारावीरा पारी. २००० नंतर सिटी कौन्सिलने चौकांना कौर्ना नावं जोडली, व्हिक्टोरिया स्क्वेअर म्हणजे टार्न्टान्यांगा, आणि हिंडमार्श, लाइट, हर्टल, व्हिटमोर ह्या चौकांना कौर्ना बायकांची नावं दिली, मुकाटा, वावी, टांगकाइरा, इपारिटी. रस्त्यांवर सगळी पुरुषांची, तीही बरीचशी न आलेल्या पुरुषांची नावं, आणि चौकांवर ह्या इथल्या बायकांची, हे मला फार योग्य वाटतं, फक्त ते व्हायला दीडशेहून जास्त वर्षं लागायला नको होती. ही भाषा जवळजवळ संपली होती. आज ती परत शिकवली जाते, आणि त्याला मोठा आधार आहे तो टायकेलमान आणि शूरमान ह्या दोन जर्मन मिशनऱ्यांनी १८४० मध्ये छापलेल्या व्याकरणाचा आणि शब्दसंग्रहाचा. ते दोघं १८३८ मध्ये ज्या जहाजाने इथे आले त्याचं नाव पेस्तनजी बोमनजी! पारशी नाव, मुंबईत डॉकजवळ ऐकू यावं असं. त्याच जहाजाने नवा गव्हर्नर गॉलर आला, ज्याच्या नावाची गॉलर प्लेस शहरात आहे.

जर्मनांवरून क्लेमझिगचं सांगायलाच पाहिजे, कारण ते माझ्या आताच्या रूटवरचं इंटरचेंज, म्हणजे बस बदलायचं मोठं स्थानक आहे. १८३८ मध्ये प्रशियातून धर्माच्या छळाला कंटाळून आलेले लुथरन लोक पाद्री कावेलबरोबर नदीकाठी राहिले आणि गावाला आपल्या तिकडच्या गावाचं नाव दिलं. मग पहिलं महायुद्ध आलं, आणि १९१७ मध्ये साऊथ ऑस्ट्रेलियाने कायदाच केला, ६९ जर्मन गावांची नावं एका फटक्यात बदलली. हानडॉर्फचं ॲम्बलसाइड झालं. क्लेमझिगचं झालं गाझा, तिकडे पॅलेस्टाइनमध्ये चाललेल्या लढाईवरून. ज्यांच्या पणजोबांनी ते गाव वसवलं, त्यांची मुलं ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात पण होती, आणि इकडे त्यांच्या गावाचं नाव पुसलं जात होतं. १९३५ मध्ये क्लेमझिग परत मिळालं, पण तिथल्या फुटबॉल क्लबचं नाव आजही गाझा आहे. नाव पुसणं कायद्याने एका दिवसात होतं, परत आणायला मात्र पिढी जाते, हे मला त्या इंटरचेंजवर बस लावताना दर वेळी जाणवतं.

आता ओ-बान. ह्याच्यासाठी मी ही नोकरी घेतली असं म्हटलं तरी चालेल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ओ-बान म्हणजे बसचा स्वतःचा काँक्रीटचा ट्रॅक, शहराच्या कडेपासून टॉरेन्सच्या काठाने टी ट्री प्लाझापर्यंत १२ किलोमीटर, मधे क्लेमझिग आणि पॅराडाइज ही दोन इंटरचेंज. बसच्या पुढच्या चाकांशी जोडलेली दोन छोटी आडवी चाकं बाजूला बाहेर निघालेली असतात, ती ट्रॅकच्या काठाला टेकून फिरतात आणि स्टिअरिंग तीच करतात. ड्रायव्हरने हात सोडायचे! ॲक्सिलरेटर आणि ब्रेक तेवढा आपल्याकडे.

मूळ कल्पना जर्मनीतल्या एसेनची. इथे ती आली त्याच्या मागे मोठा इतिहास आहे. १९६८ मध्ये शहरासाठी मोठमोठे फ्रीवे सुचवणारा एक प्लॅन आला होता, घरं पाडून, नदीकाठ कापून. लोकांनी इतका विरोध केला की तो बासनात गेला, पण नदीकाठची जागा राखून ठेवलेली होती. मग तिथे ट्राम आणायचं ठरत होतं, १९७९ मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारने ओ-बान निवडली. पॅराडाइजपर्यंतचा भाग १९८६ ला सुरू झाला, टी ट्री प्लाझापर्यंतचा १९८९ ला, आणि पार्कच्या खालून ग्रेनफेल स्ट्रीटला निघणारा बोगदा २०१७ च्या शेवटी. जमीन तिथे चिकण मातीची, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, आमच्या सांगलीकडच्या काळ्या रानासारखीच, म्हणून सगळा ट्रॅक जमिनीत खोल गाडलेल्या खांबांवर उभा केलाय. ट्रॅकबरोबरच नदीकाठ साफ करून पार्क केला, झाडं लावली, आता दोन्ही बाजूंना इतकी गर्द आहेत की प्रवाशांना आपण शहरात आहोत असं वाटतच नाही. २०११ मध्ये इंग्लंडमध्ये केंब्रिजला ह्याहून लांब झाला, तोपर्यंत जगातला सगळ्यात लांब हाच होता.

ह्याचं ट्रेनिंग वेगळं. साध्या रूट्सवर हात बसला की मगच पाठवतात. ट्रॅकमध्ये शिरायचं तोंड आधी रुंद आणि मग अरुंद होत जातं, तिथे स्पीड उतरवून बस सरळ नेमकी आत घालायची, दोन्ही बाजूंनी गाइड व्हील काठाला लागली की हाताला एक बारीक धक्का कळतो, ट्रेनर शेजारी उभे राहून म्हणतात, आता सोड. सोडायला मन तयार होत नाही, इतकी महिने दोन्ही हात स्टिअरिंगवर हेच शिकवलेलं असतं. मी सोडले, आणि बस आपली आपण वळणाला वळली, स्टिअरिंग समोर एकटंच फिरत होतं. आधी इथे ताशी १०० ने जायचे, आता मर्यादा ८५ आहे, पण त्या अरुंद ट्रॅकवर ८५ पण भरपूर वाटतं. सगळ्यात अवघड असतं ट्रॅक संपताना, हात परत स्टिअरिंगवर ठेवून बस आपल्या ताब्यात घ्यायची, तेवढा क्षण लक्ष इकडेतिकडे चालत नाही, तेच आमच्याकडून परत परत करून घेतात. चुकून कार आत शिरू नये म्हणून तोंडाशी खाली असं लोखंडी बांधकाम असतं की कारचा तळच फुटतो, तरी अधूनमधून कुणीतरी शिरतंच आणि मग सगळी लाईन थांबते.

ट्रामबद्दल थोडं. घोड्यांची ट्राम इथे १८७८ ला आली, विजेची १९०९ ला, आणि १९५८ मध्ये ग्लेनेलची एक लाईन सोडून सगळी बंद केली. मुंबईचे आकडे शेजारी ठेवून बघा, १८७४, १९०७, १९६४. दोन्हीकडे तीच चूक, माझ्या मते. इथे निदान एक लाईन राहिली आणि २००७ पासून ती परत वाढतेय, हिंडमार्शपर्यंत, बॉटॅनिक गार्डनपर्यंत. ग्लेनेलला जाणारा मोठा रस्ता आधी नुसता बे रोड होता, १९२४ मध्ये सैनिकांच्या स्मरणार्थ त्याचा ॲन्झॅक हायवे झाला.

शेवटचं टेस्टिंग मला एअरपोर्टकडच्या रूटवर आलं. ग्रोट स्ट्रीट वेस्ट टेरेस ओलांडून पुढे गेली की तिचं नाव सर डोनाल्ड ब्रॅडमन ड्राइव्ह. आधी बरब्रिज रोड होता, २००१ मध्ये बदलला, त्याच वर्षी ब्रॅडमन गेले, आयुष्याची साठहून जास्त वर्षं ते ह्याच शहरात राहिले. परीक्षक क्रिकेटवेडे निघाले, टर्मिनसला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं कुठली तू, मी म्हटलं सांगली, विजय हजारेंचं गाव. जानेवारी १९४८, ॲडलेड ओव्हल, ब्रॅडमन २०१, ऑस्ट्रेलिया ६७४, आणि त्याच्यासमोर हजारे पहिल्या डावात ११६, दुसऱ्या डावात १४५, कसोटीच्या दोन्ही डावात शतक करणारे पहिले भारतीय. पहिल्या डावात कोल्हापूरच्या दत्तू फडकरांचे १२३ पण. मॅच आपण डावाने हरलो, पण हे आकडे मला लहानपणापासून पाठ आहेत, घरी सगळ्यांनाच होते. परीक्षकांनी वहीत हजारेंचं नाव लिहून घेतलं, मग कागदावर सही केली, आणि परतीच्या फेरीला वेळ झाली म्हणून मी डेस्टिनेशन बोर्ड बदलून सिटी लावला. आता मॅचच्या दिवशी ओव्हलच्या जादा बसेसची ड्युटी आली की मी ती आवर्जून मागून घेते.